दोन इस्पितळांचा शेक

माझी पाठ धरली ती देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. लोक झेंडे लावत होते, पेढे वाटत होते, आणि मी विशीतला घोडा सकाळी भिंतीला धरून अंथरुणातून उठत होतो. डोंबिवलीला आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भातखाचरं. पाणी ओढायचं काम माझ्याकडे असे. एका सकाळी बादली वर आली आणि मी खालीच राहिलो, म्हणजे वाकलो तो वाकलेलाच. आई म्हणाली, उसण भरली. शेजारीपाजारीही तेच म्हणाले. उसण येते तशी जाते. ही पाहुणी आली ती घरचीच होऊन बसली.

त्या दुखण्याचा स्वभाव उफराटा होता. जगाची पाठ काम करून दुखते, माझी विश्रांतीनं दुखायची. पहाटे कंबर अशी आखडायची की कुशीवर वळायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागे. उठून अंगणात येरझाऱ्या घातल्या, चार बादल्या ओढल्या, की हळूहळू सैल पडायची. आता हे लोकांना सांगायचं कसं? झोपलं की दुखतं आणि काम केलं की बरं वाटतं, असं सांगणाऱ्या तरुण मुलावर कोण विश्वास ठेवणार? मामा म्हणाले, "याचं लग्न करून टाका. आपोआप वाकेल." सगळे हसले. मीही हसलो. हसताना बरगड्या दुखल्या, पण तेही त्या दुखण्याचंच अंग आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मग घरगुती औषधं सुरू झाली. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडेल झालं, कल्याणच्या वैद्यांचा गुग्गुळ झाला. कशानं काही होईना तेव्हा आईनं बिब्बा काढला. बिब्बा तापवून त्याचं तेल दुखऱ्या जागी टिपक्याटिपक्यांनी लावतात. ते उततं, फोड येतात, खपल्या धरतात आणि मागे काळे डाग राहतात. फोडांच्या दुखण्यापुढे मूळचं दुखणं शरमेनं निघून जात असावं. माझं काही शरमलं नाही. कंबरेवर डाग तेवढे राहिले.

वडील ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार होते. साहेब बदलत, वडील तिथेच असत. साहेब सही करी आणि त्यानं कशावर सही करायची ते वडील ठरवत. हे ते स्वतः कधी म्हणाले नाहीत, पण आई म्हणायची आणि ते ऐकून ते पानाचा डबा उघडायचे. कचेरीनं त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी घरातही आणलं होतं. विचारलं तेवढंच सांगावं. साहेबाला 'का' विचारू नये. आणि एका साहेबानं हात लावलेलं प्रकरण दुसऱ्या साहेबापुढे कधी नेऊ नये, कारण दुसरा म्हणतो, मग त्यांच्याकडेच जा. न्यायचंच असेल तर कोरं करून न्यावं. या शहाणपणावर त्यांनी कितीतरी गरीब माणसांची अडलेली कामं काढून दिली होती. लोक घरी येऊन त्यांच्या पाया पडायचे, हे मी पाहिलेलं आहे.

वर्षभर मी असा काढल्यावर त्यांनी मला ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी क्ष-किरणांचा फोटो काढवला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितलं की हा मणक्यांचा सांधेवात आहे. आतून सूज येते, मणके एकमेकांना चिकटत जातात, शेवटी सगळा कणा बांबूसारखा एकसंध होतो. यावर औषध असं नाही. पण मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याच क्ष-किरणांचा जोरकस शेक देतात, त्यानं दुखणं थांबतं. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

आमच्या भागात वीज अजून घरोघर पोचायची होती आणि माझ्या पाठीत ती पोचली. इस्पितळातली ती खोली थंड होती. जाड दरवाजा होता, आत एक टेबल आणि त्यावर वाकलेलं भलंमोठं यंत्र. मला पालथं झोपवलं, हलू नका म्हणून सांगितलं आणि सगळे बाहेर निघून गेले. यंत्र गुणगुणायला लागलं. एक विचित्र वास आला. चटका नाही, साधी ऊबसुद्धा नाही. मंडळी आत आली तेव्हा मी विचारलं, "सुरू कधी होणार?" तेव्हा पहिला शेक संपलेला होता. मग मात्र संध्याकाळपर्यंत पोटात ढवळत राहिलं आणि जेवणाला धातूची चव आली. असं काही आठवडे चाललं. पाठीची कातडी आधी लाल झाली, मग करपल्यासारखी तपकिरी झाली. तिला तेल लावायचं नाही, घासायचं नाही, असं तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं बजावलं. तो स्वतः मायदेशी जायच्या तयारीत होता.

आणि दुखणं गेलं. हे मी आज कितीही वैतागून लिहीत असलो तरी ते तेव्हा गेलं, हे खरं आहे. मी सकाळी उठून बसलो आणि कशाला न धरता उभा राहिलो. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा फुंकणी उचलली, कारण बोललं तर दृष्ट लागेल असं तिला वाटलं. मी विहिरीवर गेलो आणि गरज नसताना सगळी भांडी भरली. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळेना.

तो आनंद दोन वर्षांच्या आत आटला. दुखणं परत आलं ते वरच्या मजल्यावर, पाठीतून मानेकडे सरकत. आम्ही पुन्हा त्याच इस्पितळात गेलो. गोरा डॉक्टर गेला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसानं कागद पाहिले आणि सांगितलं, "इतक्यात पुन्हा शेक नाही. काही वर्षं थांबावं लागेल." का थांबायचं, ते त्यानं सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही.

मी थांबायला तयार होतो असं नाही. मी कशालाच तयार नव्हतो. जेवायला पाटावर बसायचो आणि उठताना ताटाभोवतीचं पाणी संपूर्ण वाळलेलं असायचं, एवढा वेळ मला उठायला लागायचा. वडील ते बघत. बघून न बघितल्यासारखं करत आणि आचवायला जात. एक दिवस कचेरीतून आले ते म्हणाले, "उद्या मुंबईला जायचंय. दुसरं इस्पितळ आहे. आमच्या साहेबांची तिथे ओळख आहे."

हे इस्पितळ मुंबईच्या दुसऱ्या टोकाला होतं, लहान आणि गर्दीचं. डॉक्टर मराठी होते, पन्नाशीचे आणि घाईत. मला टेबलावर पालथं झोपवून त्यांनी मणके दाबून पाहिले. मी पालथाच होतो आणि माझ्या डोक्यावरून दोघांचं बोलणं चाललं होतं. तेव्हाची रीतच तशी होती. बोलणं वडिलांचं आणि पाठ माझी.

"आधी कुठे शेक घेतला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," वडील म्हणाले.

"मग हे डाग कसले?"

"बिब्बा घातला होता."

डॉक्टर हसले. "आमच्या आजीनं माझ्या गुडघ्याला घातला होता. अजून खूण आहे. आपली माणसं काही बिब्बा सोडायची नाहीत."

वडीलही थोडं हसले. ते हसणं मी ओळखत होतो, साहेबानं विनोद केला की ते असंच हसत. बिब्ब्याचे डाग खरेच होते, त्यामुळे सांगितलं ते निव्वळ खोटं होतं असंही म्हणता येत नव्हतं. त्या डागांच्या आजूबाजूचं जे करपलेलं होतं ते तेवढं बिब्ब्याच्या खात्यावर चढलं. मी टेबलावर तोंड दाबून पडलो होतो. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला तो शेक हवा होता.

बाहेर आल्यावर वडील हलक्या आवाजात म्हणाले, "प्रकरण कोरं लागतं. नाहीतर परत पाठवतात."

दुसरा शेक पहिल्याहून जोरकस होता, मानेपासून माकडहाडापर्यंत. पण लागू पडला. त्या जोरावर मी परीक्षा दिली आणि डोंबिवलीच्या एका शाळेत मास्तर झालो. मान तोवर बरीचशी धरलेलीच होती, ती काही सुटली नाही, फक्त दुखायची थांबली. फळ्यावर लिहिता लिहिता मागे बघायचं म्हटलं की मला सगळं अंग फिरवावं लागे, आणि तेवढ्या वेळात वर्ग साळसूद होऊन बसलेला असे. गावात नव्यानं विजेचे खांब उभे राहत होते. मुलांनी मला 'खांब' हे नाव ठेवलं. मला ते कळत होतं आणि मी ते अंगाला लावून घेतलं नाही. दारावर येणारी भाजीवाली आगरीण तर तोंडावर विचारायची, "मास्तर, तुमची मान काय वलत नाय? का आमच्याकडं बगायचाच नाय?" तिला मी म्हणायचो, भाव कमी कर, मग बघतो.

असं बरं चाललेलं होतं. पण दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, माझं उलट होतं, ते झटक्यात जाई आणि मुंगीच्या पावलांनी परत येई. पुढे पाच-सहा वर्षांनी पाठ पुन्हा कुरकुरायला लागली. मी ॲस्पिरिनच्या गोळ्या खाऊन शाळेत जाऊ लागलो. आणि त्याबरोबर एक नवीनच प्रकार सुरू झाला, थकवा. दुखणं परवडलं पण हा थकवा नको, असा थकवा. तिसऱ्या तासाला खडू उचलायचा कंटाळा यायचा. अंगात बारीक कणकण असायची. पायावर आणि दंडावर निळे डाग उमटायचे आणि कुठे आपटलं होतं ते आठवायचं नाही. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. वडील सेवानिवृत्तीला आले होते. त्यांनी मला कल्याणच्या एका डॉक्टरांकडे नेलं, कारण मी तिशीचा झालो तरी मला डॉक्टरांकडे वडीलच न्यायचे.

हे डॉक्टर तरुण होते. मुंबईहून शिकून येऊन त्यांनी तलावाजवळ दवाखाना थाटला होता. त्यांनी मला सदरा काढायला लावला. वडील खुर्चीवर बसून माझं दुखणं पहिल्यापासून सांगत होते, तारीखवार आणि स्वच्छ, फक्त दोन गोष्टी गाळून.

"पाठीवर हे कसले डाग?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिब्बा," वडील लगेच म्हणाले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं असावं.

डॉक्टरांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. मानेपासून सरळ खाली, मग आडवं, मग पुन्हा वर. "बिब्ब्याचे ठिपके वेगळे दिसतायत," ते म्हणाले. "पण हा बाकीचा डाग पट्टीनं आखल्यासारखा चौकोनी आहे. हा क्ष-किरणांचा शेक आहे. एकदाच घेतलात?"

मागे वडिलांची खुर्ची कुरकुरली. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो. त्यांच्याकडे बघायचं तर मला सगळं अंग फिरवावं लागलं असतं. मी फिरवलं नाही.

"दोनदा," शेवटी ते म्हणाले. "दोन वेगळ्या इस्पितळांत."

"दुसऱ्यांना पहिल्याची कल्पना होती?"

"नाही. मी दिली नाही."

"का?"

साऱ्या नोकरीत त्यांनी कुणा साहेबाच्या प्रश्नाला उत्तर नाही असं केलं नव्हतं. त्या दिवशी पानाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज तेवढा आला. डॉक्टरांनीही ताणून धरलं नाही. मला सदरा घालायला सांगितलं आणि आमच्यासमोर बसून शांतपणे बोलले. पाठीच्या या दुखण्यावर जगभर हा शेक दिला जातो, त्यात कुणाची लबाडी नाही, त्यानं माणसं खरंच हिंडूफिरू लागतात. पण आता विलायतेतले डॉक्टर सांगायला लागले आहेत की असा शेक घेतलेल्यांत रक्ताचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसतो आहे. सगळ्यांना होतो असं नाही, बहुतेकांना होतही नाही. पण जितका शेक जास्त तितका धोका जास्त, असा त्यांचा संशय आहे. "मी घाबरवत नाही," ते म्हणाले. "पण थकवा आहे, ताप आहे, निळे डाग आहेत. रक्त मुंबईला पाठवून बघायला हवं."

रक्त घेतलं. अहवाल यायला आठवडा लागणार होता.

घरी आईला आम्ही अशक्तपणा म्हणून सांगितलं. तिनं शेंगदाणे आणि गूळ पुढे केला, खजूर आणवला. मी खात होतो. शाळेत जात होतो. कविता शिकवताना मध्येच वाटायचं, आपण पुढच्या वर्षी हाच वर्ग घेणार आहोत का? मला मरणाची भीती वाटत होती, ती साधी सरळ भीती. तिच्यात काही थोर विचार नव्हते. आणि त्या भीतीला चिकटून वडिलांचा राग येत होता. एका शब्दानं काय बिघडलं असतं? 'घेतला आहे' म्हणाले असते तर त्या घाईतल्या डॉक्टरांनी काही विचार तरी केला असता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. हा राग काढायचा कुणावर? ज्यांनी माझ्यासाठी मुंबईच्या पायऱ्या झिजवल्या त्यांच्यावर?

वडील त्या आठवड्यात घरात असून नसल्यासारखे होते. जेवताना भात कालवून तसाच ठेवायचे. एके दिवशी सकाळी कचेरीचा कोट घालून निघाले, पण ठाण्याला उतरले नाहीत. दिवेलागणीला परत आले तेव्हा मी अंगणात फेऱ्या मारत होतो. ते ओट्यावर बसले आणि काढलेला कोट तसाच मांडीवर धरून ठेवला.

"त्या दुसऱ्या इस्पितळात गेलो होतो," ते म्हणाले. "ते डॉक्टर अजून आहेत. त्यांना म्हटलं, मी आपल्याशी खोटं बोललो होतो."

"मग?"

"त्यांना आठवेचना. तू नाही, मी नाही. बिब्बा म्हटल्यावर ते हसले होते, तेही नाही. म्हणाले, दिवसाला किती माणसं येतात इथे. बरं केलंत सांगितलंत. आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं."

मी फेऱ्या मारत राहिलो. माझ्या मनात आलं की बरं झालं. लगेच वाटलं, असं कसं वाटलं आपल्याला. कुणीतरी आपल्याला खडसावून बोलावं म्हणून ते एवढ्या लांब गेले होते, आणि त्यांना तेवढंसुद्धा मिळालं नव्हतं. आईनं आतून हाक मारली, पानं घेतली आहेत म्हणून. आम्ही जेवायला गेलो.

अहवाल आला त्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा कल्याणला गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "कॅन्सर नाही."

वडिलांनी खुर्चीचा हात धरला.

"रक्त कमी आहे," डॉक्टर पुढे म्हणाले, "पण तसं या दुखण्यात होतंच. थकवाही त्याचाच. निळे डाग बहुतेक ॲस्पिरिनचे, आपण ती कमी करू. शेक मात्र आता पुन्हा नाही, कुठेही नाही. पाठ आखडेल ती आखडेल. आणि दर सहा महिन्यांनी रक्त बघायचं."

"किती वर्षं?" वडिलांनी विचारलं.

"बरीच. हे लगेच होतं असं नाही, काही वर्षांनीही होऊ शकतं."

"म्हणजे सुटलो असं कधी म्हणायचं?"

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. "तसं सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आज नाही, एवढं सांगता येतं."

बाहेर दुपारचं ऊन होतं. वडील म्हणाले, थोडं बसू या. तलावाच्या काठाला सावली होती तिथे आम्ही गेलो. ते बसले. मी उभाच राहिलो, कारण बसलो की उठायचा त्रास. पलीकडे म्हशी पाण्यात डुंबत होत्या आणि एक बाई धुणं आपटत होती. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. आनंद झालाही, पण थोडा वेळ. मग त्याच्या मागून ते सहा महिने आले, आणि त्यांच्या मागून पुढचे सहा महिने. मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की समोरच्या पाण्यात म्हशींबरोबर जाऊन पडावं.

"तुला माझा राग येतो ना?" वडिलांनी विचारलं. त्यांनी मला असं कधी काही विचारलं नव्हतं.

"येतो, अण्णा," मी म्हणालो. "फार येतो."

"यायलाच हवा." ते पाण्याकडे बघत होते. "मी चुकलो. पोराच्या पाठीवर कचेरी चालवली मी. पण एक सांगू का? तो दुसरा शेक संपला, त्यानंतर एक दिवस सकाळी उन्हं अंगणात आली तरी तू उठला नव्हतास. एरवी पहाटेपासून तुझं कण्हणं ऐकू यायचं. त्या दिवशी काहीच नाही. तुझी आई घाबरली. मी आत येऊन तुझ्या नाकाशी हात धरला, श्वास चालू आहे का बघायला. तू गाढ झोपला होतास रे. कुशीवर. पाय पोटाशी घेऊन, लहान होतास तेव्हा झोपायचास तसा. मी तिथे उभा राहून रडलो. तुझ्या आईला अजून माहीत नाही."

मी पाण्यातल्या म्हशी मोजत राहिलो.

"मी गेले आठ दिवस स्वतःला विचारतोय," ते म्हणाले, "की पुन्हा त्या डॉक्टरांसमोर उभा राहिलो तर काय सांगेन. आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडून बिब्बाच येतो. चूक कळते. पण ती सकाळ नको होती असं मला म्हणवत नाही. त्याला काय करू?"

मी त्यांना काय सांगणार होतो? मलाही म्हणवत नव्हतं. त्या दोन शेकांनी दिलेली वर्षं काढून टाकली तर माझ्या तरुणपणात शिल्लक काय राहत होतं? मी पुन्हा त्या टेबलावर पालथा पडलो असतो. कुणी विचारलं असतं तरी तोंड उघडलं नसतं. पण हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, कारण राग अजून पुरता उतरला नव्हता आणि मला तो थोडा वेळ हवा होता. मी म्हणालो, "चला, ऊन उतरलं." ते उठले. आम्ही घरी आलो आणि आईला सांगितलं की रक्त थोडं कमी आहे, बाकी सगळं ठीक.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी आम्ही जात राहिलो. चैत्रात एकदा आणि आश्विनात एकदा. माझी मान हळूहळू पुढे झुकून तशीच धरली. मला समोरच्या माणसाचं तोंड बघायला भुवया वर कराव्या लागतात, आणि नवीन माणसाला वाटतं की मी त्याच्यावर संशय घेतोय. वडील निवृत्त झाले होते. दवाखान्यात आता ते बोलत नसत. डॉक्टर मलाच विचारत आणि मी सांगत असे, ते शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसत. डॉक्टर कागद बघून म्हणत, "ठीक आहे." मग ते टोपी घालत आणि आम्ही उठत असू. त्या दोन शब्दांसाठी ते सहा महिने थांबत, हे मला माहीत होतं. मधल्या काळात माझं नाक फुटलं किंवा दाढी करताना कापलं तरी ते खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. मी कधीकधी चिडून म्हणायचो, "अण्णा, काही नाही झालेलं." तेव्हा ते परत जायचे.

एका हिवाळ्यात त्यांना दम्यानं धरलं. महिनाभर अंथरुणाला खिळले. मी त्यांना उचलू शकत नव्हतो, आधार देऊन बसवू शकत नव्हतो. ते आई आणि शेजारचे करत. मी उभा राहून पंखा हलवायचो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पुढचं रक्त कधी?"

"चैत्रात," मी म्हणालो.

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. ते हिशोबात कधी चुकत नसत. "मग मला यायला नाही जमणार रे," ते म्हणाले. "तुला एकट्यालाच जावं लागेल."

त्यांचा हिशोब याही वेळी चुकला नाही, चैत्राआधीच ते गेले. चैत्रात मी एकटाच दवाखान्यात बसलो, शेजारची खुर्ची रिकामी होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "ठीक आहे."

मी उठलो नाही. "डॉक्टर," मी म्हणालो, "पुन्हा एकदा सांगाल का? जरा मोठ्यानं."

त्यांनी सांगितलं.